आत्याच्या पैठणीचे दोन पदर

आत्याच्या सासूबाईंची पैठणी घड्यांवर इतकी विरली होती की नेसायला काढणंच शक्य नव्हतं. त्यातच घरात दोन लग्नं ठरली, माझ्या मुलीचं आणि आत्याच्या नातीचं. दोघींनाही तोच पदर हवा होता. जरीच्या जमिनीवर आसावलीच्या वेली आणि काठाला मुनिया, म्हणजे छोटे पोपट. शेवटी अंबरनाथला आत्याच्या घरी ठरलं, दोन प्रती करायच्या. नातीचं लग्न तोंडावर होतं, तिच्यासाठी छापून घ्यायची. आमच्या हाती वेळ होता, आमची विणून.

छपाई उल्हासनगरात झाली. लग्नाचं कापड म्हटलं की आम्ही बदलापूरकर गजानन मार्केटच गाठतो, तिथल्याच ओळखीतून छापणारा मिळाला. त्याने पदराचा मोठा फोटो काढला, तो आधी कागदावर छापला आणि तो कागद पॉलिएस्टरवर ठेवून तापलेल्या रोलरखालून काढला. साधारण दोनशे अंशांच्या उष्णतेत शाईची वाफ होते आणि थेट धाग्यात शिरते. रेशमावर हे जमत नाही, म्हणून कापड पॉलिएस्टरच. पदर हातात आला आणि आम्ही थक्क झालो. पाकळीन् पाकळी उतरली होती. काळवंडलेली जरी, घडीची विटलेली रेघ, कुणाच्या तरी हळदीचा डागसुद्धा!

विणायला मी येवल्याला गेले. कल्याणहून मनमाड, पुढे रस्त्याने. विणकरदादांनी पदर हातात घेतला आणि सगळ्यांत आधी उलटा केला. मग घडीचा आतला भाग उघडून भिंगाखाली धागे मोजायला लागले. उजेड न लागलेल्या जागी मूळ रंग टिकतो, असं ते म्हणाले. युरोपातल्या जुन्या टॅपेस्ट्रींचंही असंच आहे. भिंतीवर टांगलेल्या त्या विणीतला पिवळा रंग उडतो आणि हिरवी झाडं निळी दिसायला लागतात. खरी हिरवाई पाहायची तर पाठीमागून पाहावी लागते. दोन्हींची विणही एकाच कुळातली. पॅरिसच्या गोबेलिन विणशाळेत काय किंवा येवल्यात काय, आडवा धागा काठापासून काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. ती आपल्या आकारापुरती फिरते आणि मागे वळते, येवल्यात तर शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून. म्हणून अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी मागूनही जवळपास पुढच्यासारखीच दिसते. यंत्रमागाच्या सेमी पैठणीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे असतात, छापील कापडाची पाठ तर फिकीच.

विणलेला पदर आल्यावर आत्याच्या पलंगावर तिन्ही शेजारी मांडले. लांबून छापील पदर मूळच्या जास्त जवळचा वाटत होता. विणलेला फारच नवा, फारच भडक. मग मी खिडकी उघडली. मूळ पदराची जरी एका बाजूने तांबूस दिसत होती, दुसऱ्या बाजूने पांढरी. विणलेल्याचीही तशीच हलत होती. छापील पदरावर मात्र फोटो काढताना पडलेला उजेड तिथल्या तिथे थिजला होता, कसाही धरा, चमक त्याच जागी. साडीच्या अंगातही तेच झालं. उभा धागा जांभळा आणि आडवा लाल, यातून जी धूपछाव होते, ती शाईने कशी उतरणार? छपाईने आजची, विरलेली पैठणी उतरवली. विणकराने ती पहिल्यांदा मागावरून उतरली तेव्हाची शोधली. माझ्या लेखी प्रत म्हणायची ती ही.

आत्याचं मत वेगळं पडलं. हळदीच्या डागावरून बोट फिरवत ती म्हणाली, "हा सासूबाईंच्या हातचा असणार गं. तुझ्या पदरात तो कुठे आहे?" यावर मला उत्तर देता आलं नाही. लग्नानंतर छापील पदराची चौकट करून तिने ती हॉलमध्ये लावली. आठवण म्हणून ती तिथे शोभते, याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या पैठणीच्या नावाने असलंच छापील कापड बाजारात विकलं जातं तेव्हा राग येतो. महिनोन्‌महिने मागावर वाकून बसलेल्या माणसाची मजुरी त्यात बुडते.

मुनियाच्या पाठीचा हिरवा मात्र विणकरदादांच्या मनासारखा लागलेला नाही. मूळ पदराच्या सुटलेल्या टोकाचे दोन धागे त्यांनी मागून ठेवून घेतलेत. रंगाऱ्याकडून पुढची लडी आली की तुकडा विणून पाठवतो म्हणाले.