भिवंडीचा बाजा आणि जाझचा इतिहास

कल्याणहून एस.टी.ने निघालो, दुर्गाडीचा पूल आणि कोनगाव मागे पडले की भिवंडी आधी कानांना कळते. गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट. शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. एका रविवारी आम्ही तेथे जयंतीच्या मिरवणुकीसाठी बाजा ठरवायला गेलो होतो.

बाजेवाल्या काकांनी उभा जन्म माग चालवला आणि लग्नसराईत ट्रम्पेट वाजवला. सुपारी ठरल्यावर त्यांनी ‘अलबेला’तली एक चाल वाजवून दाखवली. आम्ही विचारले, “काका, हा बाज कुठून शिकलात?” म्हणाले, “सिनेमातून.”

वाचकहो, सिनेमात तो कुठून आला? १९५१ सालच्या ‘अलबेला’चे संगीत सी. रामचंद्र यांचे. पडद्यावर नाचले गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवानदादा. ट्रम्पेटवर होते गोव्याचे अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट. त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताज हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफोर्ड आले. अशा वादकांच्या सहवासात गोव्याच्या वादकांनी जाझ आत्मसात केला.

हा जाझ जन्मला अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, गुलामांच्या वंशजांत. त्या शहरातील गुलाम रविवारी काँगो स्क्वेअरमध्ये जमून ढोल वाजवीत. १९०१ साली जन्मलेले आर्मस्ट्राँग लहानपणी कोळशाच्या गाडीवर राबले. सुधारगृहात त्यांना कॉर्नेट शिकायला मिळाला. पुढे जग त्यांना ओळखू लागले, तरी ज्या हॉटेलांत कृष्णवर्णीय वादकांनी रात्र गाजवायची, त्यांतल्या कित्येक ठिकाणी त्यांना पुढच्या दाराने प्रवेश नव्हता.

पण या माणसांनी आपला इतिहास स्वतः सांगितला. १९३८ साली जेली रोल मॉर्टन यांनी वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयात पियानोवर बसून, वाजवत वाजवत तो ध्वनिमुद्रित करवला. आर्मस्ट्राँग यांनी १९५४ साली आपल्या बालपणावर पुस्तक लिहिले. आपल्याकडेही भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते जलसे ठाऊक आहेत.

हे ऐकून काका हसले. “आमचा कसला इतिहास, दादा? वाजवायचं न् घरी यायचं.”

इतक्यात लाईट गेली. माग थांबले. त्या शांततेत काका आपणहून बोलू लागले. पहिला ट्रम्पेट जुना कसा घेतला, पाळी सुटल्यावर सराव कुठे केला, गावाकडच्या एका लग्नात दिवसभर वाजवूनही पंगती उठल्यावर बाहेरच पान कसे वाढले, सारे सांगितले. बरोबर आलेल्या आमच्या मुलीने ते मोबाईलवर रेकॉर्ड केले.

आपल्या प्रत्येक वस्तीत असा एखादा वादक, गायक, ढोलकीवाला आहे. त्याच्या सुरावर आपण नाचलो, पण त्याच्याजवळ बसून त्याला कधी विचारले नाही. येत्या रविवारी विचारा. माणूस गेल्यावर नुसते वाद्य खुंटीला राहते. ते काही सांगत नाही.