गेलेली वाचा कोणत्या भाषेची?

‘वाचा गेली’ असे आपण सहज म्हणतो. ती कोणत्या भाषेची गेली, हा प्रश्न एकभाषिक गावात कोणास सुचणार नाही. परंतु बंगळूरच्या बसवनगुडीसारख्या वस्तीत तो टाळून पुढे जाता येत नाही. वाचा व भाषाविकारांवरील उपचारांचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांस तर तो अगदी आरंभीच्या रुग्णांपाशीच भेटतो.

हे शिक्षण आपल्याकडे तसे अलीकडचे. म्हैसूरच्या मानसगंगोत्रीतील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ सालची. मुंबईची अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ मधली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेस वैधानिक अधिकार मिळाले आणि अभ्यासक्रमास एक साचा आला: पदवीची चार वर्षे, त्यापुढील दोन पदव्युत्तर. उद्दिष्टे कोणत्याही देशात थोड्याफार फरकाने तीच असतात. विद्यार्थ्याने निदान करावे, उपचार योजावेत, त्यांचे फळ मोजावे, संशोधन वाचावे व करावे, कुटुंबियांस समजावून सांगावे. अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी ४०० तासांचा अनुभव लागतो. त्यांतील २५ निरीक्षणाचे. तास मोजता येतात. परंतु याच यादीत, बहुधा अखेरीस, ‘रुग्णाची भाषा व संस्कृती ध्यानात घेणे’ असेही एक कलम असते. ते कसे मोजावे?

१६३८ मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले आणि शहाजीराजांची जहागीर झाले. तेव्हापासून निरनिराळ्या कारणांनी येथे येऊन राहिलेली मराठी घराणी आजही आहेत. त्यांच्या घरातली मराठी पुण्याच्या माणसास अर्धीच कळते. अशाच एका घरातील वृद्ध स्त्रीच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हातपाय काहीसे सावरले. बोलणे मात्र बिघडलेलेच राहिले. तिला तपासावयास आलेली पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थिनी तुमकूरकडची, कन्नडभाषिक. म्हातारीस ती ‘अज्जी’ म्हणे, आणि तेवढा शब्द दोघींच्या भाषांत जवळजवळ सारखाच होता.

चाचणी कन्नडमधील होती. तुपाच्या चित्रावर अज्जी ‘तुप्प’ म्हणाली, म्हणजे उत्तर बरोबर आले. (मराठीतील ‘तूप’ हा शब्दही कन्नडचाच सोयरा, तेव्हा हे उत्तर कोणत्या भाषेच्या रकान्यात मांडावे, हा वाद भाषाशास्त्रज्ञांनी घालावा.) मग एक मोठे चित्र दाखवून त्याचे वर्णन विचारले, तेव्हा ती भराभर बोलू लागली, आणि विद्यार्थिनीस त्यातले फारसे काही उमगले नाही. ओघ आहे पण अर्थ नाही, सूचनाही नीट कळत नाहीत. लक्षणे तर पुस्तकातल्याप्रमाणे जुळत होती. आकलनच बिघडल्याचे निदान तिने जवळजवळ लिहिले होते. सून स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि सहज म्हणाली, की त्या आपली भाषा बोलताहेत. मधले शब्द सुटतात, पण बोलताहेत ते बरोबर.

दोन निदानांतील अंतर केवळ शास्त्रीय नाही. शब्द सापडत नाही म्हटले, की घरची माणसे थांबतात, आठवू देतात. कळतच नाही म्हटले, की ती त्या माणसासमोरच त्याच्याविषयी बोलू लागतात, त्याला न विचारता त्याच्या खोलीचे, पैशाचे, औषधाचे निर्णय घेतात. एका रकान्यातील खुणेने माणूस घरात असून नाहीसा होतो.

अनेक भाषा बोलणाऱ्यांची वाचा गेली तर आधी कोणती परतते, यावर युरोपात जुना वाद आहे. १८८१ मध्ये रिबोने बालपणीच्या भाषेस मान दिला, १८९५ मध्ये पित्रने सर्वांत परिचित भाषेस. दोन्ही नियमांना अपवाद सापडत गेले. बसवनगुडीत तर ‘परिचित’ कशास म्हणावे हेच कठीण: देवापुढची मराठी, गांधी बाजारातील कन्नड, की बँकेतल्या कागदांची इंग्रजी? भर्तृहरीने वैखरीच्या आत मध्यमा व पश्यंती मानल्या. चाचणीस ऐकू येते ती केवळ वैखरी. परीक्षकाचे यावर समाधान होणार नाही, हे खरे.

सुनेस दुभाषी करावे, हा सोपा उपाय. पण तिच्यात दुभाष्याचा दोष होताच. आदरापोटी ती सासूची मोडकी वाक्ये सरळ करून सांगे, आणि उपचार करणाऱ्यास तर ती मोडलेलीच हवी असतात. म्हणून विद्यार्थिनीने पुढील दोन भेटी चाचणी बाजूस ठेवून, सुनेच्या मदतीने केवळ एक कागद भरण्यात घालविल्या: स्वयंपाकघर, पूजा, बाजार, टेलिफोन, प्रत्येक ठिकाणी अज्जी पूर्वी काय बोले, कोणत्या भाषेत, आता काय म्हणते, तिच्याच उच्चारांत. ‘भुईमूग’ हा शब्द त्यात कोठेच नव्हता. बसवण्णाच्या देवळापाशी कार्तिकात भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेमुळे तेथे ‘कडलेकाई’च होते, आणि तेच ती मराठी समजत आली होती.

प्रमाण मराठीची चाचणी आणली असती तर ही चूकच ठरली असती. दोन वर्षांत कोणतेही विद्यापीठ विद्यार्थ्यास पाच भाषा शिकवू शकणार नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये. असा कागद करावयास शिकविणे मात्र शक्य आहे, त्यास तास व गुण देणेही शक्य आहे. विद्यार्थिनीच्या नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता. पुढच्या भेटीपासून तिने शब्द आठविण्याचे पाठ त्याच कागदावरून सुरू केले, आरंभ स्वयंपाकघरापासून.