झोपाळा आणि भिंग

कोणाकडे पाहावे हे यंत्राने ठरविले म्हणजे काय होते, याचा अनुभव आम्हांस गतवर्षीच्या भाद्रपदात आला.

नारायण पेठेतील आमचा वाडा दिवाळीनंतर पाडावयाचे ठरले होते. तत्पूर्वी थोरल्या काकांनी, म्हणजे घरच्या अण्णांनी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात जो पूर आला त्याची हकीकत सांगावी व आम्ही ती कॅमेऱ्यात टिपून घ्यावी, असा बेत झाला. त्या वेळी अण्णा वीस वर्षांचे होते. मुठेचे पाणी माजघरात शिरताना ज्यांनी पाहिले, त्यांपैकी आता घरात ते एकटेच उरले होते.

अण्णा नेहमीप्रमाणे झोपाळ्यावर बसले. जवळच समई तेवत होती. कॅमेरा नवा, त्याचा फोकस आपोआप साधतो, म्हणून आम्ही निश्चिंत. अण्णा तासभर बोलले. रात्री सर्व मंडळी पाहावयास जमली, तो काय! झोपाळा पुढे आला की अण्णांचा चेहरा धूसर होई, आणि त्या मंद उजेडात यंत्र भांबावून कधी पितळी कड्यांकडे, तर कधी समईकडे धाव घेई. काकू म्हणाल्या, "अरे, समई सुरेख आली आहे हो, पण हे कुठे आहेत?" सगळे हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही.

त्या रात्री माळ्यावरील ट्रंकेतून वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याचे ५० मिलिमीटरचे भिंग आम्ही काढले. उजेडासमोर धरून पाहिले. इतक्या पावसाळ्यांनंतरही बुरशी लागलेली नव्हती. अशा भिंगास चित्रपटलापासून सुमारे ४५ मिलिमीटर अंतर लागते. आजच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर साधारणतः १६ ते २० मिलिमीटरच असते. उरलेली जागा एका पोकळ धातूच्या कड्याने भरून काढली की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसते.

या भिंगाचा खरा गुण त्याच्या फोकसच्या वळ्यात आहे. नव्या भिंगांपैकी पुष्कळांचे वळे कितीही फिरवा, फिरतच राहते; आतील मोटार त्यातून आपला अर्थ काढते. जुन्या वळ्यास आरंभ आहे व अंत आहे; त्यावर अंतराचे आकडे कोरलेले आहेत. आज पाच फुटांची खूण जेथे आहे तेथेच ती उद्याही असते, म्हणून हाताला ती पाठ होते. चित्रपटवाल्यांना ही गोष्ट नवी नाही. भिंगापासून नटाच्या चेहऱ्यापर्यंत फीत लावून अंतर मोजणारा मदतनीस त्यांच्याकडे असतोच. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या 'प्रभात'च्या काळातही फोकस साधावयाचा तो माणसाच्या हातानेच. छायाचित्राचे भिंग चित्रपटास लावणेही जुनेच. स्टॅन्ली कुब्रिक याने 'बॅरी लिंडन' (१९७५) या चित्रपटातील मेणबत्त्यांच्या उजेडातील दृश्ये झाइसच्या अशाच एका भिंगाने घेतली. ते भिंग मुळात अमेरिकेच्या अंतराळसंस्थेच्या छायाचित्रणासाठी घडविलेले होते.

दुसऱ्या दिवशी धाकट्या पुतण्यास झोपाळ्यावर बसवून आम्ही फितीने मोजले. झोपाळा मागे गेला की सात फूट, पुढे आला की पाच. भिंगाचे छिद्र दोनच्या आकड्यावर उघडे ठेवले, तर सहा फुटांवर जेमतेम अर्धा फूट खोलीच स्पष्ट दिसते, ५.६ वर आणले, तर सुमारे दीड फूट. तेव्हा दोन दिवे अधिक लावले, छिद्र लहान केले, आणि उरलेले काम हातावर सोपविले. पाच, सात, पाच, सात! पुतण्या कंटाळला, तेव्हा कोठे वळे झोपाळ्याच्या लयीत फिरू लागले.

संध्याकाळी अण्णांस भीतभीतच विनंती केली. ते म्हणाले, "पूर काही दोनदा आला नव्हता, पण सांगायला माझी हरकत नाही." आणि त्यांनी सारे पुन्हा सांगितले. आजीने देव्हाऱ्यातील देव परातीत घेऊन माडी कशी गाठली, आणि खाली पायरी पायरीने पाणी कसे चढत आले, हे सांगताना त्यांचा आवाज कापला. नेमक्या त्याच वेळी आमचा हात थांबला. चार-सहा झोके अण्णांचा चेहरा धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होत राहिला.

अण्णा मार्गशीर्षात गेले. वाडाही आता नाही. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या काकूंनी जपून ठेवल्या आहेत. परवा त्यांच्यासमवेत ते चित्रण पाहताना तो धूसर भाग आला, तेव्हा आम्ही ओशाळून म्हणालो, "काकू, येथे आमची चूक झाली. हे काढून टाकू का?"

"मुळीच नको," त्या म्हणाल्या. "तिथे तू ऐकत होतास."

यंत्र समईकडे धावले होते, ते त्यास कोणाचे ऐकावयाचे नव्हते म्हणून. आमचा हात चुकला, त्याचे कारण मात्र निराळे होते. तो भाग आम्ही तसाच राहू दिला आहे.