अक्राणीच्या चढ-उतारांवर स्वयंचलित क्लच

इंजिन आणि गिअर यांच्यातील जोड हवी तेव्हा तोडणाऱ्या व पुन्हा जुळवणाऱ्या यंत्रणेस क्लच म्हणतात, आणि डोंगरवाटेवरील मोटारसायकलस्वाराचे निम्मे कसब ही जोड अर्धवट, म्हणजे बोलीत ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात त्या अवस्थेत, राखण्यात असते. स्वयंचलित क्लचमध्ये हे काम डाव्या हाताच्या बोटांकडून काढून केंद्रोत्सारी बलाकडे सोपवलेले असते. इंजिनाचे फेरे वाढले की आतील वजने बाहेरच्या बाजूस सरकून क्लच प्लेटा दाबतात आणि फेरे घटले की त्या सुटतात, त्यामुळे गिअर पडलेला असताना ब्रेक लावून गाडी थांबवली तरी इंजिन बंद पडत नाही.

ही कल्पना नवी नाही. होंडाच्या 1958 च्या सुपर कबमध्ये ती होती, फिरोदियांच्या 1972 च्या लुनामध्ये होती, आणि तापीकाठच्या गावांतून चाऱ्याचे भारे वाहणाऱ्या टीव्हीएस एक्सएलमध्ये ती आजही आहे. शर्यतीच्या गाड्यांसाठी परदेशात महाग जोडसाहित्य म्हणून जे विकले जाते, त्याच तत्त्वावर दूधवाल्याची गाडी वर्षानुवर्षे चालते, याकडे हौशी स्वारांचे लक्ष क्वचितच जाते.

1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा अक्राणी तालुका सातपुड्याच्या रांगांत वसलेला असून त्याची उत्तर सीमा नर्मदा आहे. धडगावहून नदीच्या दिशेने उतरणाऱ्या वाटांवर डांबर संपले की सुटा मुरूम, काळ्या खडकाच्या पायऱ्या आणि गोल गोट्यांनी भरलेले नाले लागतात. अशाच एका वाटेवर प्रस्तुत लेखकाने एकदा स्वतःच्या साध्या क्लचच्या गाडीने आणि दुसऱ्यांदा मित्राच्या, स्वयंचलित क्लच बसवलेल्या गाडीने ये-जा केली. पुढील मत या दोन फेऱ्यांवर आधारलेले असल्याने त्याची मर्यादाही तेवढीच आहे.

चढावर स्वयंचलित क्लचची सरशी निर्विवाद होती. साध्या गाडीचे पुढचे चाक नाल्यातील गोट्यावर अडले की वेग शून्यावर येई, क्लच दाबण्यास निमिषभर उशीर झाला की इंजिन बंद पडे, आणि चढावर तोललेली गाडी एका पायावर सावरत ती पुन्हा सुरू करण्यात चढ चढण्यापेक्षा अधिक दम जाई. पाड्यापर्यंत पोहोचेतो डाव्या पंजास पाण्याचा पेला धरवेना. दुसऱ्या गाडीवर हा प्रसंग एकदाही आला नाही. ती गोट्यावर अडली तरी घुटमळत उभी राही आणि ॲक्सिलरेटर पिळताच पुढे सरके. खडकाची पायरी चढताना मात्र क्लच झटक्याने सोडून पुढचे चाक उचलण्याची जुनी युक्ती तितकीशी साधेना, कारण लिव्हर जागेवर असली तरी पकड नेमकी कुठे बसते हे बोटांना कळत नसे.

उतारावर हिशेब उलटला. तीव्र उतारावर गाडी पहिल्या गिअरात ठेवून ॲक्सिलरेटर सोडला असता चाकेच इंजिनास फिरवतात आणि त्या विरोधाने वेग आवरतो. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. स्वयंचलित क्लचमध्ये वेग फार उतरला की प्लेटा सुटतात, हा विरोध अचानक नाहीसा होतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी घरंगळू लागते. ती पुन्हा जखडण्यासाठी उतारावरच ॲक्सिलरेटर किंचित पिळावा लागतो, आणि घसरत्या मुरुमावर मनाची समजूत घालून हे करणे सोपे नाही. शिवाय तीव्र चढावर कमी फेऱ्यांत रेंगाळत राहिल्यास प्लेटा घासून तापतात. जळक्या वासाने त्याची सूचना मिळते आणि सुट्या भागांची किंमत पाहून ती पटते.

शर्यतीत उतरणाऱ्यास किंवा डाव्या हाताला इजा झालेल्यास स्वयंचलित क्लचचा खर्च सार्थ ठरेल; परंतु ज्या स्वारास वर्षातून चार वेळा सातपुडा गाठायचा आहे, त्याने त्या पैशांत चांगले टायर घ्यावेत आणि हाफ क्लचचा सराव करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गावोगाव आमचुराची पोती बांधून हेच घाट चढणारे स्वार शंभर सीसीच्या साध्या गाड्यांवर ते रोज करतात.

या मतास बळकटी आली ती परतीच्या दिवशी. रात्रभर चालू राहिलेल्या दिव्यामुळे मित्राच्या गाडीची बॅटरी उतरली होती आणि तिला किक नव्हती. पाड्यातील तरुणांनी नेहमीच्या उपायाप्रमाणे गाडी सेकंड गिअरात टाकायला सांगून तिला उतारावर ढकलले, दोनदा आणि मग तिसऱ्यांदा. चाके फिरत राहिली, इंजिन स्तब्धच राहिले. कारण इंजिन फिरल्याशिवाय प्लेटा जुळत नाहीत आणि प्लेटा जुळल्याशिवाय चाकांना इंजिन फिरवता येत नाही. हे त्यांना समजावून सांगितले तेव्हा, अशी गाडी या डोंगरात आणलीच कशाला, असे एकाने सरळ विचारले, आणि वायर आणण्यासाठी तो आपल्या गाडीला किक मारून निघून गेला.