एका वाफ्यापाशी

तीनशेहून अधिक जातींचे गुलाब, आणि माझी पावलं अडली ती एकाच वाफ्यापाशी. न्यू जर्सीतल्या सॉमरसेट काउंटीच्या कलोनियल पार्कमधली ही गुलाबांची बाग. जागा मूळची मेटलर घराण्याच्या इस्टेटीतली. काउंटीचे पहिले उद्यानतज्ज्ञ रुडॉल्फ व्हॅन डर गूट यांनी तिथं ही बाग आखली आणि १९७१ साली ती लोकांना खुली झाली. जूनमध्ये तिथं रंगांची नुसती झुंबड असते. पण रुबाबदार, लांब दांड्याच्या गुलाबांना वाकून हुंगावं तर बहुतेकांना वासच नाही. फुलदाणीत जास्त दिवस टिकावेत म्हणून जाती निवडत गेलो आणि सुगंध मागे पडत गेला. मला हा सौदा कधीच पटलेला नाही. वास नसलेल्या फुलाला मी गुलाब म्हणते ते निव्वळ सौजन्यापोटी.

त्या वाफ्यात मात्र जुन्या जाती होत्या. दमास्क गुलाब: बसकी, विस्कटलेली, फिकट गुलाबी फुलं. वाकले, आणि थेट आत्याच्या गच्चीवर पोचले.

आत्या चैत्रात गुलकंद घालायची. फुलवाल्याला आधी सांगून ठेवलेले गावठी गुलाब सकाळीच यायचे. पाकळ्या सोडवायचं काम आम्हा मुलांचं. देठाकडचा पांढरा, कडवट भाग ती स्वतः नखानं खुडायची, ते काम कुणाला द्यायची नाही. मग चिनी मातीच्या बरणीत पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेच्या भुग्याचा एक थर, पुन्हा पाकळ्या. तोंडाला दादरा बांधून बरणी उन्हात. मी एकदा विचारलं, गॅसवर लवकर नाही का होणार? "अगं, गुलकंद उन्हानं शिजतो, विस्तवानं त्याचा पाक होतो," ती म्हणाली. रोज संध्याकाळी बरणी आत यायची, कोरड्या लाकडी चमच्यानं ढवळली जायची. पाकळ्या आधी मलूल, मग तपकिरी, मग साखरेत विरघळून काळपट लाल. वैशाखात शाळेला सुट्टी लागली की दुपारी गार दुधातून चमचाभर मिळायचा, आणि नाकाचा घोळणा फुटणाऱ्या धाकट्या भावाला प्रवाळ घातलेला वेगळा. त्याला जास्त मिळतो म्हणून मला हेवा वाटायचा. आत्या गेल्यावर ती बरणी कुणाकडे गेली, कुणालाच आठवत नाही. विकतचे गुलकंद मी पुष्कळ चाखले. साखर सगळ्यांत असते, ऊन नसतं.

गुलाबांना लागूनच सुगंधाची आणि स्पर्शाची एक बाग आहे, डोळ्यांनी अधू असलेल्यांसाठी मुद्दाम केलेली. वाफे उंचावर, हाताशी येतील असे, आणि पाट्या ब्रेलमध्ये. फुलांना हात लावू नये, हे वाचत मोठी झालेली मी. इथं पानं चाचपून बघा, असं आवतण आहे. सरकारी पैसा इतका देखणा खर्च झालेला मी क्वचित पाहिलाय.

पार्कच्या कडेनं डेलावेअर आणि रॅरिटन कालवा जातो. १८३० ते १८३४ या काळात, बहुतांशी आयरिश मजुरांनी, कुदळ-फावड्यांनी खणलेला. १८३२ च्या पटकीत त्यांतले कितीतरी दगावले आणि काठालगतच पुरले गेले. पुढे पेनसिल्व्हेनियाचा कोळसा याच पाण्यावरून न्यूयॉर्ककडे जाई. खेचरं काठानं चालत नावा ओढीत. त्यांचीच वाट आता फिरायला येणाऱ्यांची झाली आहे. १९३२ साली नावा थांबल्या, पाणी नाही थांबलं. मध्य न्यू जर्सीत कितीतरी घरांच्या नळाला ते येतं. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतला सकाळचा चहा आणि गणपतीतल्या मोदकांची उकड याच पाण्याची, हे कळल्यापासून त्या मजुरांचं ऋण मला फार जवळचं वाटतं.

त्या वाटेनं दक्षिणेला ब्लॅकवेल्स मिल्स लागतं. नाव आली की पूल बाजूला करणाऱ्या राखणदाराचं घर तिथं अजून उभं आहे. पुढच्या खेपेला तिथवर चालायचंय, सोबत मुलांना घेऊन.