उळवीच्या वाटेवर पाण्याचे गाव

गेल्या माघात उळवीच्या जत्रेला जाण्याचा योग आला. बरोबर माझा भाचा होता. तो आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या प्रोजेक्टचा विषय आहे ‘पाण्यावरचे गाव’. त्यासाठी त्याने जागा निवडली आहे ती सुप्याच्या जलाशयाची. “मामा, देवदर्शन होईल आणि माझी जागाही बघून होईल,” म्हणत तो गाडीत बसला.

खानापूर मागे पडले तरी त्याचे तोंड थांबले नव्हते. जपानचे वास्तुशिल्पी कियोनोरी किकुताके यांनी १९५८ पासून समुद्रावरच्या शहरांचे आराखडे काढले. १९७५ साली ओकिनावाच्या प्रदर्शनात त्यांचे ‘अ‍ॅक्वापोलिस’ खरोखरच पाण्यावर तरंगले. फ्रान्सच्या जाक कूस्तो यांनी १९६३ साली सुदानजवळ, तांबड्या समुद्रात दहा मीटर खोलीवर घर उभारले आणि त्यांची माणसे त्यात महिनाभर राहिली. २०१४ साली जपानच्या शिमिझू कंपनीने पाच हजार लोकांसाठी पाचशे मीटर व्यासाच्या गोलातले शहर मांडले. त्याच्या खालून निघणारा नागमोडी मार्ग थेट समुद्रतळापर्यंत जाणार! २०२२ मध्ये कोरियातल्या बुसान शहरासाठी बारा हजार माणसांच्या तरंगत्या वस्तीचा आराखडा जाहीर झाला.

मी पडलो मास्तर. विचारले, “यातले आज राहते कुठले?”

तो हसला. अ‍ॅक्वापोलिस २००० साली भंगारात गेले. कूस्तोंच्या घराचे उरलेले अवशेष बघायला आता पाणबुडे जातात. “पण हॉलंडमध्ये लोक खरंच राहतात, मामा.” मास नदीकाठच्या मासबोमेल गावात घरांच्या तळाशी काँक्रीटची पोकळ पेटी असते. एरवी घर जमिनीवर टेकलेले असते. पूर आला की ते खांबांच्या आधाराने सरळ वर उचलले जाते आणि पूर ओसरला की जागेवर बसते. वीज, पाणी, सांडपाणी यांच्या नळ्या लवचिक असतात, त्यामुळे घर हलले तरी त्या तुटत नाहीत. हे मात्र मला पटले. पाण्याशी भांडण न करता राहण्याची ती रीत आहे.

रामनगरला चहासाठी थांबलो. भाच्याने टेबलावर लॅपटॉप उघडून मला चित्रे दाखवायला सुरुवात केली. षटकोनी तराफे, त्यांवर घरे, शाळा, भाजीचे वाफे. शेजारच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ बसले होते. ‘सुपा’ हा शब्द कानी पडताच ते सरकून जवळ आले.

रामनगर म्हणजे सुप्याहून उठलेल्यांची वसाहत, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा हे तालुक्याचे ठाणे होते. तिथे १०१ मीटर उंचीचे धरण झाले. १९८७ साली ते पूर्ण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे नावही बदलून जोयडा झाले. आपल्या घरातला दिवा लागतो त्यात काळी नदीच्या विजेचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही. पण त्या विजेसाठी कुणीतरी आपली चूल हलवली, हेही विसरू नये.

अज्जांनी चित्र निरखून पाहिले. “उन्हाळ्यात पाणी उतरलं की तुझं गाव कुठं जाईल, बाळा?”

“पाण्याबरोबर खाली उतरेल, अज्जा. तशीच सोय केली आहे.”

“बरं. आणि माणूस मेला तर न्यायचा कुठं?”

भाचा गप्प झाला. अज्जा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “घरातले देव आम्ही उचलून आणले बघा. दारं, कौलं आणली. आई-बापाला कुठलं आणणार? त्यांची राख झाली ती जागा तिथंच राहिली.”

पुढे जोयडा, कुंभारवाडा करत उळवीला पोहोचेपर्यंत गाडीत कुणी फारसे बोलले नाही.

जत्रेचा दिवस भारत हुण्णिवेचा. धारवाड-बेळगावकडून बैलगाड्या जुंपून आलेली मंडळी झाडांखाली उतरली होती. चुली पेटल्या होत्या, कन्नड आणि मराठी दोन्ही कानांवर पडत होत्या. बाराव्या शतकात कल्याणमध्ये शरणांवर संकट आले, तेव्हा चन्नबसवण्णांसह शरण मजल दरमजल करत या रानात आले, अशी परंपरा सांगते. अक्क नागम्मांच्या नावाची गवी अजून दाखवतात. चन्नबसवण्णा म्हणजे बसवण्णांचा भाचा. हे सांगितल्यावर आमचे भाचेसाहेब जरा ताठ बसले!

ती माणसेही विस्थापितच होती. आसऱ्याला त्यांना गुहा मिळाल्या. आज इथे लाखो पावले वळतात ती त्या गुहांच्या बांधणीसाठी नव्हे. इथे चन्नबसवण्णांची समाधी आहे, म्हणून वळतात. आपला माणूस जिथे मातीत विसावला, त्या जागेला आपण गाव म्हणतो. शेजारच्या गोव्यात साळावली धरणात बुडालेले कुर्डी गाव उन्हाळ्यात वर येते. तेव्हा तिथले लोक सोमेश्वराच्या देवळात आणि कपेलाशी जमतात. राहायला घर दुसरीकडे मिळाले, तरी पाय तिकडे ओढतातच.

परतताना गणेशगुडीच्या बाजूने आलो. धरणाची भिंत दिसली तशी भाच्याने गाडी थांबवायला सांगितली. बराच वेळ तो बघत उभा राहिला. मला वाटले, आता प्रोजेक्ट बदलतो म्हणेल.

समुद्र वाढतो आहे, पूर वाढत आहेत. पाण्यावर राहायची विद्या उद्या आपल्या मुलांना लागेलच, त्यामुळे ती चित्रे टाकून देण्यासारखी नाहीत. पण घर तरंगवता आले म्हणजे गाव वसवता आले, असे होत नाही.

गाडीत बसताना तो म्हणाला, “मामा, पुढच्या रविवारी मला परत रामनगरला सोडाल? अज्जांना विचारून सुप्याचा नकाशा काढायचा आहे. बाजार कुठं होता, देऊळ कुठं, मसण कुठं. आधी खालचं गाव काढतो, मग वरचं.”

रविवारी जायचे ठरले आहे.