गाडीचा जन्मदाखला

बाबांची बजाज चेतक तयार झाली आकुर्डीत आणि विकली गेली बेळगावात. म्हणून तिच्या नंबरप्लेटवर केए-२२ आलं. यात कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. आमचं अख्खं घर बेळगावचं, माझा जन्मही तिथलाच. पुढे बाबांच्या बँकेनं त्यांची कोल्हापूरला बदली केली आणि स्कूटर सामानाबरोबर ट्रकात चढली. निपाणी मागे पडली, कोगनोळीचा नाका गेला, कागल आलं आणि आम्ही राज्य बदललं. दोन-अडीच तासांचा प्रवास. पण मोटार वाहन कायदा सांगतो की दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त काळ गाडी ठेवायची तर आधीच्या आरटीओची एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, नवा नंबर घ्या. बेळगावला भरलेला टॅक्स बेळगावलाच राहतो. तो परत मागता येतो, पण मागायला गेलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

त्या कागदपत्रांतलं एक काम बाबांनी माझ्यावर सोपवलं होतं. चेसिस नंबरचा ठसा घेण्याचं. स्कूटर आडवी कलती करून पत्र्याखालचं ग्रीस त्यांनी रॉकेलच्या चिंधीनं पुसून काढलं. मी त्या खोदलेल्या अंकांवर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासत राहिले. काळ्या पट्ट्यात पांढरे अंक एकेक करून वर आले. एका अंकाचं शेपूट गंजात बुडालेलं होतं, तो सहा की आठ हे कळेना, म्हणून पुन्हा रॉकेल, पुन्हा कागद. आरटीओसमोरच्या टपरीतल्या एजंटनं तो ठसा फाइलला टाचला आणि म्हणाला, "साहेब, परराज्यातली गाडी हाय, जरा टाइम लागंल."

बाबा भडकले. "परराज्यातली कसली? आकुर्डीत झालीय ती!"

एजंटनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. गाडी कुठं झाली हे त्याच्या लेखी शून्य होतं, पासिंग कुठलं तेवढं महत्त्वाचं. एमएच-०९ मिळायला पावसाळा उलटला.

हे सगळं मी विसरून गेले असते, पण अमेरिकेत गेल्यावर मला नेमका उलटा हिशोब भेटला. तिथं ग्रीन कार्डाची रांग माणसाच्या पासिंगवर लागत नाही, जन्मस्थळावर लागते. नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांच्या वर वाटा मिळत नाही. मग तो देश आइसलंड असो की भारत. तुम्ही वीस वर्षं न्यू जर्सीत कर भरा, उद्या दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व घ्या, जन्म बेळगावचा तो बेळगावचाच. माझा अर्ज मंजूर होता, एच-वन बी त्याच्या जोरावर वाढत होता आणि रांग मात्र जागची हलत नव्हती. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं, त्यातली तारीख दोन आठवडे पुढे सरकली तर एडिसनमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत व्हॉट्सॲपवर पेढे वाटले जायचे.

त्या एडिसनमध्येच मी कॅमरी घेतली. ऑफिसातला एक सहकारी टेक्सासला निघाला होता, त्याच्याकडून. २००७ चं मॉडेल, रंग तो ज्याला विकणारे 'डेझर्ट सँड' वगैरे म्हणतात आणि आपण चहाचा म्हणतो. मागच्या सीटवर त्याच्या मुलांनी सांडलेल्या ज्यूसचा डाग होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. ओक ट्री रोडवरून तांदळाची पोती तिनं आणली, मराठी विश्वच्या गणेशोत्सवाला ढोल आणि ताशे डिकीतून नेले, आणि फेब्रुवारीच्या बर्फात आमच्या लेकाला हॉस्पिटलातून घरी आणलं. त्या रात्री नवरा इतक्या हळू चालवत होता की मागचा बसवाला हॉर्न वाजवून थकला.

गाडीची माहिती काढताना मी पहिल्यांदा तिचा व्हीआयएन नीट वाचला. ड्रायव्हरच्या बाजूला, काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात सतरा अक्षरांची एक छोटी पट्टी असते. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. आमच्या चेतकच्या सहा-आठचा घोळ कुणीतरी आधीच ओळखला होता म्हणायचा. पहिलं अक्षर देशाचं. जपानात झालेल्या गाडीचा नंबर जे पासून सुरू होतो, कॅनडातली दोनपासून, मेक्सिकोतली तीनपासून. एक, चार किंवा पाच असेल तर अमेरिका. माझी टोयोटा, नावानं अस्सल जपानी, चारपासून सुरू होत होती. ती केंटकी राज्यातल्या जॉर्जटाउनची. तिथं १९८८ पासून कॅमरी तयार होते. म्हणजे आमच्या घरात जन्मानं अमेरिकन दोघंच, लेक आणि गाडी.

कॅनडानं २०१५ च्या जानेवारीत स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक्सप्रेस एंट्री ही पद्धत सुरू केली. त्यात वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांचे गुण मिळतात. तिशीनंतर वयाचे गुण दर वर्षी कमी होतात, पण जन्म कुठला हे गुणपत्रिकेत नाही. २०१८ मध्ये आम्ही टोरंटोला जायचं ठरवलं. नवऱ्याचं म्हणणं, गाडी विकून टाकू. अकरा वर्षांची गाडी, तिच्यामागे कशाला लागायचं? बाबांचं फोनवर म्हणणं याच्याही पुढचं होतं. "तिकडं नेतेस तर इकडंच पाठव की. मी वापरीन."

मग मी बाबांना भारताचे नियम वाचून दाखवले. जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, उतरवायची मुंबई बंदरातच, आणि शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त. आमची गाडी पहिल्याच दोन अटींत बाद होती. सचिन तेंडुलकरला फेरारी भेट मिळाली तेव्हा तिच्यावरचं एक कोटीच्या वरचं शुल्क सरकारनं माफ केलं, त्यावरून गदारोळ होऊन प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ते पैसे गाडी देणाऱ्या कंपनीनं भरले, हे बाबांना चांगलं आठवत होतं. "मग राहू दे," म्हणाले, "आपल्याला कोण माफ करतंय."

कॅनडाचा नियम मला आवडला, कारण त्याला स्वतःचा तर्क आहे. गाडी पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ती कुठल्या बाजारपेठेच्या सुरक्षा नियमांनुसार बांधली आहे हे पाहतात. अमेरिकेसाठी बांधलेल्या बहुतेक गाड्या थोड्या दुरुस्तीनं चालतात, जपान किंवा भारतासाठी बांधलेल्या नाहीत. पंधरा वर्षं उलटली की केंद्राचा हा कायदा गाडीकडे बघतच नाही. म्हणून व्हँकुव्हरकडे उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या जपानी मित्सुबिशी डेलिका सर्रास दिसतात. म्हणजे बाबांची चेतक धुऊनपुसून कॅनडात आणायला त्या कायद्याची हरकत नव्हती आणि नवी कोरी मारुती मात्र अडली असती. हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ खूश होते.

खरा खटाटोप अमेरिकेतून बाहेर पडण्याचा. येणाऱ्या गाडीची चौकशी होणार हे माणूस गृहीत धरतो, पण जाणाऱ्या गाडीलाही अमेरिकेचं कस्टम्स अडवतं, कारण चोरीच्या आणि कर्ज बुडवलेल्या गाड्या याच वाटेनं पळतात. गाडी सीमेवर पोचण्याच्या किमान ७२ तास आधी तिची कागदपत्रं त्यांच्याकडे पोचायला हवीत. निर्यातीची नोंद संगणकावर करायची, आणि ती करायला कंपन्यांना मिळतो तो कर क्रमांक लागतो, म्हणून आम्ही एजंट गाठला. इथंही एजंट! मूळ टायटल हातात हवं. टायटल म्हणजे मालकीचा दाखला, रजिस्ट्रेशनपेक्षा वेगळा. गाडीवर कर्ज असेल तर तो बँकेकडे अडकलेला असतो. आमचं कर्ज फिटून वर्षं झाली होती, पण टायटलवरचा बोजा उतरवायचं राहिलं होतं. त्या एका कागदासाठी निघायची तारीख पुढे गेली.

शेवटी स्क्रँटन, बिंगहॅम्टन, सिराक्यूज करत बफेलोला आलो. तिथून नायगरा नदीवरचा पीस ब्रिज, १९२७ चा. अमेरिकेच्या बाजूच्या निर्यातीच्या कार्यालयात ठरलेल्या वेळेत जावं लागतं, पूल मात्र चोवीस तास उघडा असतो. एक अधिकारी बाहेर आला, टॉर्च काचेवर टेकवून त्यानं व्हीआयएन वाचला आणि टायटलवरच्या प्रत्येक अक्षराशी ताडून पाहिला. बोट कागदावर, नजर काचेतून आत. रॉकेल नाही, पेन्सिल नाही, पण काम तेच. मग शिक्का. मागच्या सीटवर लेक कुकरच्या खोक्याला टेकून झोपला होता, त्याच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

पलीकडे आधी आमचं लँडिंग, म्हणजे कायमच्या रहिवासाची नोंद झाली, मग सामानाची यादी तपासली. स्थायिक व्हायला येणाऱ्याला आधीपासून वापरातली गाडी सामान म्हणूनच आणता येते. दहा हजार कॅनेडियन डॉलरपर्यंतच्या किमतीवर शुल्क नाही, कर नाही. अट एकच, बारा महिन्यांत विकायची नाही. टेबलापलीकडच्या बाईंनी व्हीआयएनचं पहिलं अक्षर पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, अमेरिकन. केंटकीत जन्मल्याचा गाडीला तिथं उपयोगही नव्हता, कारण ती सामानात मोडत होती. तरी मला त्या क्षणी तिचा जरा हेवा वाटला.

सीमेवर गाडीच्या आयातीचा फॉर्म हातात आला की पुढची तपासणी उरकायला ४५ दिवसांचा वेळ सुरू होतो. आयात गाड्यांच्या नोंदणीची यंत्रणा कॅनडात १९९५ पासून आहे, तिची फी भरायची. मग कंपनीकडून लेखी हवं की या गाडीवर एकही रिकॉल बाकी नाही. हे पत्र काढताना माझा जीव मेटाकुटीला आला. एक खिडकी म्हणे अमेरिकेला विचारा, अमेरिका म्हणे कॅनडाला विचारा. पत्र पोचलं तेव्हा त्यात दोनच ओळी होत्या. त्यानंतर तपासणी, तीही कॅनेडियन टायरमध्ये, म्हणजे जिथं लोक बागेची कात्री आणि हॉकी स्टिक घ्यायला जातात. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे कॅनडात सक्तीचे आहेत, त्यासाठी एक छोटं मॉड्यूल बसवलं. एअरबॅगची सूचना फ्रेंचमध्येही हवी, तिचं लेबल पोस्टानं आलं, ते सन व्हायझरवर चिकटवलं. चोरी रोखणारा इमोबिलायझर लागला नाही, कारण तो १ सप्टेंबर २००७ नंतर बांधलेल्या गाड्यांना सक्तीचा आहे आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे आमची त्याच्या काही महिने आधीची. ओडोमीटर मैलांतच राहिला. स्पीडोमीटरवर किलोमीटरचे बारीक आकडे आतल्या वर्तुळात होते. नवऱ्याला चष्मा लागला तो त्याच वर्षी, पण त्याचा दोष मी गाडीला देत नाही.

ऑन्टारिओची फिटनेस तपासणी, विमा (त्याचा आकडा ऐकून आईनं फोनवर "अगो बाई" म्हटलं) आणि मग काउंटरवरून दोन नंबरप्लेटा हातात. पांढऱ्यावर निळी अक्षरं. न्यू जर्सीच्या पिवळसर प्लेटा काढून पोस्टानं परत पाठवल्या. पार्किंगमध्ये स्क्रू फिरवताना लेकानं विचारलं, आता ही गाडी कॅनेडियन झाली का? नवरा म्हणाला, झाली. पासिंग इथलं.

आम्हाला मात्र नागरिकत्वाला अजून काही वर्षं होती. तीही झाली. पण कॅनडाच्या पासपोर्टावरही मी अमेरिकेच्या त्या रांगेत आजही भारतीयच आहे. माणसाच्या जन्मस्थळाचं पासिंग बदलत नाही, हा नियम मला तेव्हाही पटला नव्हता, आताही पटत नाही. केंटकीची गाडी ४५ दिवसांच्या आत ऑन्टारिओची होते. तिला कुणी विचारत नाही की तुझ्या गावच्या आणखी किती गाड्या आधीच आल्यात. दिवे लागतात का, चाकं घट्ट आहेत का, बाकी काही दोष राहिलाय का, एवढंच. माणसांना एवढंच विचारलं असतं तरी चाललं असतं.

टोरंटोच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. कॅमरीचं इंजिन शेवटपर्यंत कुरकुरलं नाही, पण दारांखालचा पत्रा पोखरत गेला. दर शरद ऋतूत आम्ही खालून तेल मारून घ्यायचो, तरी मेकॅनिकनं एके दिवशी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. गाडी भंगारात दिली. ऑन्टारिओत नंबरप्लेट गाडीची नसते, मालकाची असते, त्यामुळे त्याच प्लेटा आता दुसऱ्या गाडीवर आहेत. ही गाडी जे पासून सुरू होते.

अमेरिकेतून कॅनडात यायच्या तयारीत असलेली मंडळी आता मला फोन करून विचारतात, गाडी आणावी का? गाडी चांगली असेल तर आणा. पण टायटलवरचा बोजा आजच उतरवा, रिकॉलचं पत्र पॅकिंगच्या आधी मागवा, ७२ तासांचा नियम हलक्यात घेऊ नका. आणि दाराच्या चौकटीवरची उत्पादनाची तारीख वाचा. पंधरा वर्षं भरायला दोन-तीन महिनेच उरले असतील, तर निघायची तारीख तेवढी पुढे ढकला.